अढी उघडायची नाही

"कच्च्यातही दोन जाती असतात, ते सांगितलंस का त्याला?" सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मी निलमची नखं कापत होते. चौदा महिन्यांच्या मुलीची नखं कापताना नजर हलवता येत नाही. मी मान वर न करता म्हटलं, "आई, ते तुमच्या चिकूचं झालं. हे वेगळं आहे."

खरं तर चिकूचं उदाहरण मीच दिलं होतं, पाच मिनिटांपूर्वी, याच ओट्यावर. ते ऐकून माझा मामेभाऊ दीपेश खूश होऊन मोटारसायकलवर बसून घोलवडला निघून गेला होता. त्याच्या मागची धूळ अजून खाली बसायची होती. सासूबाईंचं सांगणं त्याला फोनवर कळवता आलं असतं. मी कळवलं नाही. निलमच्या डाव्या हाताची नखं राहिली होती.

सासूबाईंचं नाव बुधीबाई. घोलवडच्या एका पॅकिंग शेडमध्ये त्यांनी तीस वर्षं चिकू निवडले. चिकू हातात घेऊन अंगठ्याने एकदा चोळला की तो कुठल्या ढिगात जाणार हे त्या सांगायच्या. आता गुडघ्यांमुळे जात नाहीत, पण बाजारातून आणलेलं एकही फळ त्यांच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय घरात येत नाही.

मी बी.कॉम. झाले आणि बोर्डीच्या एका नर्सरीत रोपांची बिलं करायचे. निलमच्या वेळी नोकरी सोडली. सरावलीच्या घरात दुपारी एक ते तीन निलम झोपते. त्या दोन तासांत मी मोबाइलवर शेअर बाजार शिकले. कोणी शिकवलं नाही. व्हिडिओ आवाज बंद करून बघायचे, खालची अक्षरं वाचायचे. नवरा मिथुन उंबरगावच्या कारखान्यात पाळीवर जातो. तो म्हणायचा, "तू आधी पोरीला झोपवतेस की बाजाराला?" सासूबाईंचं वेगळं होतं. निलम उठून रडायला लागली की त्या आतून ओरडायच्या, "पोरगी रडतेय गो. तुझी रेघ नंतर रडेल."

ती रेघ म्हणजे आरएसआय. शेअरच्या भावाच्या आलेखाखाली ती वेगळी धावते, शून्य ते शंभरच्या मधे. गेल्या चौदा दिवसांत भाव किती जोराने चढला किंवा उतरला, ते ती दाखवते. सत्तरच्या वर गेली तर शेअर फार पळालाय, आता दमेल असं समजायचं. तीसच्या खाली गेली तर फार मार खाल्लाय, आता उठेल असं समजायचं. "समजायचं" हा शब्द महत्त्वाचा आहे. तो मला तेव्हा फार महत्त्वाचा वाटला नव्हता.

मी घेतलेले शेअर मोजायला एका हाताची बोटं पुरली असती, आणि एकेकच घ्यायचे. त्यातला एक, रसायनांच्या कंपनीचा, रेघ अठ्ठावीसवर असताना घेतला होता. तीन आठवड्यांत तो छान वर आला. दीपेशला मी तोच दाखवला. बाकीचे दाखवले नाहीत.

दीपेश माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तलासरीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला मामाचा पाडा आहे. मामा गेल्यावर घरात तो आणि जमनामामी. घोलवडच्या वाड्यांमध्ये चिकू काढणाऱ्यांची एक टोळी आहे, तिचा तो मुकादम. उंच झाडावर शेंड्यापर्यंत तोच चढतो. हातातल्या लांब काठीला जाळी बांधलेली असते, पण शंका आली की फांदीवर पुढे सरकून फळाला अंगठ्याच्या नखाने बारीक ओरखडा काढतो. खाली हिरवी रेघ दिसली तर फळ राहू द्यायचं, पिवळसर दिसली तर काढायचं. चिकूचा चीक नखात बसून बसून त्याचं उजव्या अंगठ्याचं नख काळं झालं होतं. लग्नासाठी मुलगी बघायला गेला, तेव्हा मामीने ते साबण, लिंबू, रॉकेल सगळं लावून घासलं होतं. गेलं नाही. मुलीकडच्यांनी नख बघूनच विचारलं, "चिकूवर आहेस का?"

त्या रविवारी तो ओट्यावर बसला होता. माझ्या मोबाइलकडे बघून म्हणाला, "ताई, ही खालची रेघ कशाची? ताप मोजतेस का कुणाचा?"

"बाजाराचा."

"मग उतरलेला बरा की चढलेला?"

तेव्हा मला ते सुचलं. मी म्हटलं, "असं बघ. तीसच्या खाली म्हणजे कच्चं. सत्तरच्या वर म्हणजे पिकलेलं."

तो एकदम सरळ बसला. "म्हणजे सत्तरच्या वर झाडावरच पिकलं. ते वटवाघळं खाणार."

"बरोबर."

"आणि तीसच्या खालचं घेऊन अढीत घालायचं."

"बरोबर," मी पुन्हा म्हटलं. इतक्या लवकर माझं बोलणं कुणाला समजलं नव्हतं. मिथुनला मी तीन वेळा समजावलं होतं आणि तीनही वेळा तो झोपला होता.

अढी म्हणजे फळं पेंढ्यात दाबून पिकत घालतात ती. आमच्याकडे आता मोठ्या वाड्यांमध्ये त्यासाठी खोल्या आहेत, मशिनं आहेत. पण पाड्यावर अजून कोपऱ्यात पेंढा अंथरतात, फळं रचतात, वर गोणपाट टाकतात. आणि मग त्याला हात लावायचा नाही. लहान मुलांनी डोकावून बघितलं तरी मार मिळतो. अढी उघडली की ऊब जाते आणि फळ अर्धं पिकून तसंच राहतं. हा नियम दीपेशला चालायला लागल्यापासून माहीत आहे.

सासूबाई आतून हे सगळं ऐकत होत्या. तो गेल्यावर त्या दाराशी आल्या आणि दोन जातींचं बोलल्या. मी ऐकून घेत नाही असं बघून पुढचंही त्या बोलल्याच, जरा स्वतःशी बोलल्यासारखं. "एक कच्चं असतं ते झाडावर भरलेलं असतं. ते अढीत पिकतं. दुसरं भरायच्या आधीच काढलेलं. ते पण कच्चंच दिसतं. पण ते पिकत नाही. सुरकुततं."

हेच व्हिडिओतही होतं. जो शेअर मुळात वर चाललाय आणि मधेच खाली घसरलाय, त्याचं तीसच्या खालचं वेगळं. आणि जो महिनोन्महिने उतरतोच आहे, त्याची रेघ तीसच्या खाली कितीही दिवस पडून राहू शकते. त्यासाठी दोनशे दिवसांच्या सरासरीची दुसरी रेघ बघायची असते. मला ते माहीत होतं. पण ते सांगितलं असतं, तर उदाहरण एवढं नीट बसलं नसतं.

आता दीपेशला घाई का होती, ते सांगते. मामाचं भाताचं शेत रस्त्यात गेलं. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांची गेलीत, काही रस्त्यात, काही रुळांत. मोबदला मिळाला. पण सगळ्यांना एकदमच मिळाला आणि सगळेच शेत शोधायला लागले, त्यामुळे शेतं महागली. शेजारच्या पाड्यावरच्या हाल्याचा नाल्याकाठी तुकडा होता, भाताला चांगला, पाणी धरणारा. हाल्या मामाचा मित्र. तो दीपेशला म्हणाला, "तुझ्याकडे थोडे कमी आहेत, मला कळतं. होळीपर्यंत थांबतो. होळीनंतर मला थांबता येणार नाही, पोरीचं लग्न आहे."

तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. होळीला तीन महिने होते. दीपेशला नाल्याकाठचा तो तुकडा हवा होता, बाकी काही नको होतं. जमनामामीने लग्न होऊन आल्यापासून विकतचा तांदूळ शिजवला नव्हता.

मी त्याला पाच कंपन्यांची यादी पाठवली. त्या दिवशी तीसच्या खाली असलेल्या पाच. खाली लिहिलं, "फक्त बघण्यासाठी." त्यातली एक पाइप बनवणारी कंपनी होती, बावीसवर. दीपेशने तीच घेतली. मी फोन करून विचारलं, "हीच का?"

"सगळ्यात कच्ची तीच आहे, ताई. दिल्लीला पाठवायचा माल आम्ही सगळ्यात कच्चा निवडतो. लांब जायचं असेल तर कच्चंच पाहिजे."

यावर मला हसू आलं. "कितीचे घेतलेस?"

"थोडेच."

मला "थोडेच" हे उत्तर सोयीचं होतं. मी पुढे विचारलं नाही. शेतासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त त्याने एका दिवसात घातले होते, ते मला नंतर कळलं.

"आता बघत राहा," मी म्हटलं.

"बघायचं कशाला? अढी घातली ना. मी ॲपच काढून टाकलंय. मोबाइल हातात असला की बोटं शिवशिवतात."

मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं की शेअरला अढी नसते, तो रोज बघावा लागतो, अमुक एका भावाखाली गेला तर आपोआप विकला जाईल अशी तजवीज आधीच करून ठेवायची असते. मी म्हटलं, "बरं केलंस. घाबरट माणसंच रोज बघतात." हे वाक्यही एका व्हिडिओतलं होतं.

मी मात्र रोज बघत होते. माझा स्वभावच तसा. निलम झोपली तरी मी दोनदा जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरते. पाइपवाल्या कंपनीची रेघ बावीसवरून पंचवीसवर आली, मग एकवीसवर गेली. भाव हळूहळू उतरत होता, एकदम पडत नव्हता. एकदम पडला असता तर मी फोन केला असता. रोज थोडा उतरला की रोज वाटतं, उद्या बघू.

माघात निलमला ताप आला. डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं, दर दोन तासांनी ताप लिहून ठेवा. मी एक वही केली. वेळ, ताप, औषध. बाजार चालू असेल तेव्हा त्याच ओळीत शेवटी रेघेचा आकडाही लिहायचे. सवय म्हणून. ती वही अजून आहे. एका ओळीत एकशे दोन आणि चोवीस. पुढच्या ओळीत एकशे एक आणि सव्वीस. तिसऱ्या दिवशी निलमचा ताप उतरायला लागला आणि रेघ चढायला लागली. एकतीस. छत्तीस. शुक्रवारी दुपारी ती त्रेचाळीसवर होती. भावही बराच वर आला होता. दीपेशने घेतला त्याच्या थोडासाच खाली राहिला होता.

मी फोन लावला. तो झाडावर होता. फांद्यांचा आवाज येत होता आणि खालून कुणीतरी त्याला डावीकडे सरक म्हणून सांगत होतं.

"दीपेश, तुझी कंपनी उठतेय."

"पिकली का?"

"नाही अजून. सत्तर कुठे झालेत. पण उठतेय."

"मग उघडू का अढी?"

पुस्तकात लिहिलेलं असतं, रेघ तीस ओलांडून वर आली की ती खरेदीची वेळ. विकायची नव्हे. माझ्या मांडीवर निलम कुरकुरत होती. मी म्हटलं, "नको. अजून नको उघडू."

"तू सांगशील तेव्हाच," तो म्हणाला. "ए, जाळी धर नीट," हे खालच्याला.

सोमवारी बातमी आली की कंपनीचे हिशेब तपासणाऱ्यांनी काम सोडलं. कारण दिलं नव्हतं. त्यानंतर चार दिवस तो शेअर कुणी घेतच नव्हतं. विकायचा म्हटला असता तरी विकला गेला नसता. मग विकला जायला लागला तेव्हा भाव निम्म्याच्याही खाली होता. रेघ अकरावर. अकरा मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. वहीत निलमचा ताप संपला होता, पण मी तो आकडा लिहिला.

मी दीपेशला फोन केला नाही. रोज हातात मोबाइल घ्यायचे, त्याच्या नावापर्यंत जायचे. मग वाटायचं, अकरा म्हणजे याहून खाली जाणार तरी किती. होळीला अजून बारा दिवस आहेत. मग दहा. त्या दिवसांत मी निलमला दिवसातून तीन वेळा थर्मामीटर लावून बघायचे. तिला ताप नव्हता.

होळीच्या आदल्या दिवशी तो स्वतः आला. पिशवीत आमच्यासाठी चिकू, निलमसाठी रंगीत कागदाचं भिरभिरं. अंगात नवा शर्ट. ओट्यावर बसून त्याने मोबाइलमध्ये ॲप परत घेतलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"तू उघड, ताई. तुझ्या शब्दावर घातली होती."

"दीपेश, ऐक ना."

"उघड तू. हाल्याकाकाला मी येताना सांगून आलोय, उद्या होळीजवळ बोलू."

मी उघडलं. त्याला दाखवण्याआधी मला बघायची गरज नव्हती, तरी मी बघितलं. मग मोबाइल त्याच्याकडे दिला. त्याने बोटाने स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली, फळ फिरवून बघतात तशी.

"सुरकुतलं," तो म्हणाला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत जाऊन चहा ठेवला.

"तुला माहीत होतं का, ताई?"

"हो."

"कधीपासून?"

मी वही आणून दाखवली नाही. "थोडे दिवस," मी म्हटलं. त्याने "थोडेच" म्हटलं होतं, तसंच मीही म्हटलं.

तो चहा प्यायला. निलमच्या हातात भिरभिरं दिलं, फुंकर मारून फिरवून दाखवलं. जाताना म्हणाला, "चिकू उद्यापर्यंत पिकतील. आज खाऊ नका." मला वाटतं त्याने चार शिव्या घातल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते. तसं काही झालं नाही.

हाल्याने होळीनंतर आठवडाभर वाट बघितली. मग तुकडा दुसऱ्याला दिला. त्याचा दोष नाही, मुलीचं लग्न ठरलेलं होतं. पावसाळ्यात मामीच्या घरचं कुणी लावणीला स्वतःच्या शेतात उतरलं नाही. नवं भात निघालं की आमच्याकडे आधी कणसरीला, धान्याच्या देवीला, दाखवतात, मग खातात. या वर्षी मामीने शेजारणीकडून मूठभर लोंब्या मागून आणल्या आणि त्या दाखवल्या. मला हे तिनेच फोनवर सांगितलं, साध्या आवाजात. मग म्हणाली, "दीपेश घोलवडला जात नाही आता. तलासरीच्या नाक्यावर बसतो. तुझ्यासारखं ते शिकतोय म्हणे."

मी निलमला कडेवर घेतलं आणि डहाणूहून एसटीने तलासरीला गेले. हायवेच्या नाक्यावर, ट्रक थांबतात तिथे, पत्र्याची चहाची टपरी आहे. कडेच्या बाकावर दीपेश बसला होता. पुढे स्टँडवर मोबाइल उभा. पडद्यावर इतक्या रेघा होत्या की भाव कुठला ते मला शोधावं लागलं.

"सात लावलेत," तो म्हणाला. नजर वर केली नाही. "आरएसआय, एमएसीडी, बाकीचे तुला माहीत नसतील. तू एकच लावायचीस, ताई. तिथे चुकलं आपलं."

"दीपेश, सातही एकाच भावातून निघतात. सातही तेच सांगतात."

"हं."

"कामावर का जात नाहीस?"

"झाडावर चढलं की बघता येत नाही." त्याने पडदा बोटाने ताजा केला. मिनिटभराने पुन्हा. लगेच तिसऱ्यांदा. "मागच्या वेळी बघितलं नाही, म्हणून गेलं. आता मी नजर काढत नाही. त्रेचाळीसला होतं ना तेव्हा? मी नंतर मागे जाऊन बघितलं. त्रेचाळीसला काढलं असतं तर शेताचे पैसे तरी वाचले असते."

त्या शुक्रवारी मी काय सांगितलं होतं, ते तो बोलला नाही. निलमने त्याच्या मोबाइलला हात लावायला बघितलं, तर त्याने तिचा हात हळूच बाजूला केला. तिला नीट बघितलंही नाही. चहा मागवला होता, त्यावर साय धरली होती. उजवा हात बाकावर होता. अंगठ्याचं नख स्वच्छ होतं. मामीने रॉकेल लावूनही जे गेलं नव्हतं ते आपोआप वाढून कापून निघून गेलं होतं.

मी त्याला म्हटलं, "परत घोलवडला जा. हंगाम चालू होतोय."

"बघू," तो म्हणाला.

त्यानंतर तो माझे फोन घेत नाही. मामीला विचारलं की ती म्हणते, येतो, जेवतो, जातो. सासूबाई रोज विचारतात, "दीपेशचं काही कळलं?" मी म्हणते, नाही. मी शेअर बघणं सोडलंय, आणि हे सांगताना मला काही मोठं केल्यासारखं वाटत नाही. निलमला घेऊन पुन्हा पुन्हा नाक्यावर जाणं जमत नाही, आणि मला बघितलं की त्याला तो शुक्रवारच आठवत असणार.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी पुष्कळ जण त्या हायवेने गुजरातला जाता-येता, तलासरीला चहाला थांबता. पत्र्याची टपरी, कडेचा बाक, पुढे स्टँडवर उभा केलेला मोबाइल. वय सव्वीस, सडपातळ, खांदे झाडावर चढणाऱ्याचे. त्याच्या शेजारी बसा. भावाचं विचारू नका, रेघांचं तर नकोच. चिकूचं विचारा, या वर्षी फळ कसं आहे म्हणून. तो बोलला तर बरं. नाही बोलला तर त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखाकडे बघा. काळं असेल तर मला कळवा. स्वच्छ असेल तर तुमचा चहा सावकाश प्या, आणि उठायच्या आधी तो जेवलाय का, तेवढं विचारा.